समुद्रसफर आणि श्रावकाची शिदोरी

मुंबईचे बंदर सोलापूरपासून सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर आहे. तरीही भारतीय नौवहनाचा इतिहास सोलापूरच्या उल्लेखाविना पुरा होत नाही. येथील दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात 1882 साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे कंपनीचे पहिले जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. महायुद्धाच्या काळात या जहाजाने रुग्णालयाचे काम केले होते, आणि त्याआधी त्याचे नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ असे होते.

योगायोग असा की सप्टेंबर 2021 पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीने मुंबईहून पर्यटकांना नेण्यास सुरुवात केली, त्या जहाजाचे नावही ‘एम्प्रेस’च आहे. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या सफरींमुळे ‘क्रूझ’ हा शब्द सोलापूरच्या बाजारपेठेतही रुळला. काही कुटुंबे आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सर्व लेकी-जावयांसह जातात. कित्येक व्यापाऱ्यांना मात्र ही सफर न मागता मिळते. रंग, सिमेंट, टायर, विद्युत उपकरणे यांच्या कंपन्या वर्षाचे उद्दिष्ट पुरे करणाऱ्या विक्रेत्यांना जहाजाची सफर बक्षीस देतात. तिकीट हाती येते, आणि घरात प्रश्न उभा राहतो : जहाजावर नियम कसे पाळायचे?

समुद्र आणि दिग्व्रत

समुद्रप्रवास जैन व्यापाऱ्याला परका नाही. श्रीपाल-मैनासुंदरीच्या कथेतील धवलशेठची जहाजे आणि समुद्रात ढकलला गेलेला श्रीपाल घराघरांत ठाऊक आहेत. शास्त्रकारांनी गृहस्थाला समुद्र सरसकट निषिद्ध ठरवला नाही. त्यांनी त्याला मर्यादा आखण्यास सांगितले. दिग्व्रत ते हेच. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दिशांची मर्यादा ठरवण्यासाठी ज्या खुणा सुचवल्या आहेत, त्यांत नदी, अरण्य, पर्वत यांच्याबरोबर समुद्रही आहे. म्हणून ज्यांनी दिग्व्रत घेतले आहे, त्यांनी जहाजाचा मार्ग नकाशावर पाहूनच तिकिटाला होकार द्यावा. आयोजकाला ‘येतो’ असे कळवल्यावर व्रताची आठवण होणे कुटुंबालाही अवघड जाते आणि व्रतालाही.

परदेशगमनाबद्दल समाजात एकेकाळी तीव्र मतभेद होते. 1893 च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेसाठी आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी यांना निमंत्रण आले. मुनींना वाहनप्रवास वर्ज्य असल्याने त्यांच्या वतीने वीरचंद राघवजी गांधी गेले. त्यांच्या समुद्रप्रवासावरून स्वदेशी मोठे वादळ उठले. परंतु परदेशातही ते शाकाहारावर ठाम राहिले, ही गोष्ट आज सर्वजण आदराने सांगतात. आता प्रश्न जावे की नाही असा उरलेला नाही. जाताना काय बरोबर न्यावे आणि काय आधी ठरवावे, हा खरा प्रश्न आहे.

‘जैन जेवण’ म्हणजे काय?

भारतीय जहाजांवर जैन जेवण मिळते, ही मोठी सोय आहे. पण जहाजाच्या मुदपाकखान्याला ‘जैन’ या शब्दातून कांदा, लसूण, बटाटा आणि अन्य कंदमुळे वर्ज्य एवढाच बोध होतो. जेवणाची वेळ, पाण्याची मर्यादा, द्विदळ, अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या भाज्यांचा त्याग, या गोष्टी त्या एका शब्दात येत नाहीत. त्या वेगळ्या सांगाव्या लागतात, आणि लेखी सांगाव्या लागतात.

गटाने जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. विक्रेत्यांच्या सफरीत जेवणाची मागणी आयोजक नोंदवतो. ‘सगळे व्हेज’ असे त्याने कळवले की रस्सा कांद्याच्या वाटणाचाच येतो. जैन ताटांची संख्या आयोजकाकडून जहाजाला निघण्याच्या किमान पंधरवडाभर आधी कळावी, आणि त्याची पोच मागून घ्यावी. परदेशी कंपनीच्या जहाजावर ‘व्हेजिटेरियन’ शब्दात अंडे येऊ शकते, सूपमध्ये माशांचा अर्क असू शकतो, गोड पदार्थात जिलेटिन असते. तेथे पदार्थाचे नाव न विचारता त्यात काय काय घातले आहे ते विचारावे. सिंगापूरपर्यंत विमानाने जाऊन पुढे जहाज घ्यायचे असेल, तर विमानातील जैन भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ हा संकेत तिकिटावर नोंदवून घ्यावा.

बुफेमध्ये आणखी एक अडचण असते. एका पदार्थाचा डाव दुसऱ्यात जातो. अनेक सफरी केलेले प्रवासी म्हणूनच बुफेपेक्षा टेबलावर वाढल्या जाणाऱ्या भोजनगृहाला पसंती देतात. पहिल्याच दिवशी तेथील प्रमुख वाढप्याला भेटून कुटुंबाचे नियम शांतपणे समजावले, तर पुढील दिवस सुखाचे जातात.

सूर्यास्ताचा हिशेब

सर्वांत अवघड नियम रात्रिभोजनत्यागाचा. डिसेंबरमध्ये मुंबई-गोव्याच्या समुद्रावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, आधी जेवण आटोपण्याचा नियम असेल तर सव्वापाचच्या आत जेवण संपायला हवे. जहाजावरील रात्रीच्या जेवणाची पहिली पंगतही सहसा त्यानंतरच बसते. दुपारच्या जेवणाची वेळ संपलेली आणि रात्रीची सुरू न झालेली, अशा मधल्या तासात नेमके श्रावकाचे जेवण येते. यावर दोन उपाय आहेत. गट मोठा असेल तर पाच वाजताची स्वतंत्र पंगत आधीच ठरवून घ्यावी. कुटुंब लहान असेल तर दुपारचे जेवण शक्य तितके उशिरा घ्यावे आणि पाच वाजता चहाच्या वेळी मिळणाऱ्या फळे-दुधावर भागवावे. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी उन्हाळ्याची सफर सोपी जाते.

उत्तर नॉर्वेच्या सफरीला जाणाऱ्यांपुढे निराळाच पेच असतो. तेथे जूनमध्ये मध्यरात्रीही सूर्य क्षितिजावर असतो. ‘सूर्य आहे म्हणून जेवण चालते’ असा सोयीचा अर्थ काढण्यापेक्षा कोणत्या घड्याळाप्रमाणे चालायचे हे निघण्यापूर्वी गुरूंना विचारून ठरवावे.

पाणी, देवदर्शन, सामायिक

मोठ्या जहाजांवर समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी तयार होते. उकळलेले पाणी घेणाऱ्यांनी थर्मास न्यावा आणि रोज सकाळी भोजनगृहातून भरून घ्यावा. पाणी तापवण्याची विजेची कांडी किंवा किटली मात्र नेऊ नये. आगीच्या भीतीने अशा वस्तू चढतानाच काढून ठेवल्या जातात. त्याच कारणाने केबिनमध्ये दिवा, उदबत्ती, धूप यांना परवानगी नसते. पूजेची सामग्री नेऊन तेथे हिरमुसण्यापेक्षा स्वाध्यायाचे पुस्तक आणि जपमाळ न्यावी. पहाटे वरच्या डेकवर सहसा शुकशुकाट असतो. सामायिकाच्या 48 मिनिटांसाठी त्याहून शांत जागा शहरात क्वचितच मिळेल.

‘देवदर्शनाशिवाय अन्न नाही’ असा नियम असलेल्यांनी या बाबीचा सर्वांत आधी विचार करावा. समुद्रावरील पूर्ण दिवसात मंदिर मिळणार नाही. अशा दिवशी काय करायचे याची आज्ञा गुरूंकडून घेऊनच निघावे; जहाजावर पोचल्यावर आपल्याच मनाने सवलत घेऊ नये. जहाज कोचीला थांबत असेल तर मट्टनचेरीत गुजराती वस्तीतील धर्मनाथ भगवंतांच्या मंदिराचे दर्शन घडते. गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागते. फोंड्याजवळ बांदिवडे येथे नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत. तेथे पूजा होत नसली तरी कदंबांच्या भूमीत जैन धर्म किती रुजला होता, हे मुलांना दाखवता येते.

शरीर आणि शिधा

समुद्र लागण्याची धास्ती असलेल्यांनी खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागाची केबिन घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. मळमळू लागल्यास मोबाइल बाजूला ठेवून दूरच्या क्षितिजाकडे पाहावे. जहाजावर यासाठी आले चघळण्याचा सल्ला हमखास मिळतो. ज्यांना ओले आले वर्ज्य आहे, त्यांनी घरूनच सुंठेची पूड किंवा गोळ्या न्याव्यात. औषधाची गोळी घ्यायची झाल्यास ती डॉक्टरांना विचारून त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी.

सोलापूरची कडक भाकरी, लसूण न घातलेली शेंगाची चटणी आणि खाकरे ही या प्रवासाची उत्तम शिदोरी आहे. मात्र बाहेरील अन्नाबाबत प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. घरी शिजवलेले अन्न बहुधा अडवले जाते. बंद पाकिटातील कोरड्या पदार्थांबद्दल आधी चौकशी करावी.

जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेची कवायत होते. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा संकटाचा इशारा आहे, हे घरातील लहानथोरांना ठाऊक असावे. फोटो काढण्याच्या नादात ही कवायत चुकवू नये.

व्यापाऱ्याचा हिशेब

जाहिरातीतील भाडे एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून प्रत्येकी सांगितलेले असते. बंदराचे शुल्क, कर, सेवाशुल्क, किनाऱ्यावरील फेरफटका आणि इंटरनेट यांचा खर्च त्यात आहे की नाही, ते लेखी घ्यावे. किनारा सुटला की मोबाइल जहाजाच्या उपग्रह-जोडणीवर जाऊन मोठे बिल येऊ शकते. म्हणून तो ‘फ्लाइट मोड’वर ठेवावा. पेढीची व्यवस्था करूनच निघावे. महिन्याच्या 20 तारखेला जीएसटीचे विवरण भरायचे असताना 18 तारखेला समुद्रावर जाणे शहाणपणाचे नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी मुंबईला पोचवते, वंदे भारत दुपारी. जहाजावर चढण्याची वेळ दुपारची असेल, तर सिद्धेश्वरचीच निवड करावी.

पावसाळ्यात पश्चिम समुद्र खवळलेला असतो, आणि तोच चातुर्मासाचा काळ. पूर्वीचे व्यापारीही या महिन्यांत जहाजे किनाऱ्याला ओढून ठेवीत. आजच्या कुटुंबांनीही सफरीचा बेत त्यानंतरच आखावा.

मोहाची जागा

शेवटचा प्रश्न तरुणांचा. जहाजावर मद्यालय असते, जुगाराचे दालन असते, आणि तेथून वाट काढतच नाट्यगृहाकडे जावे लागते. सप्तव्यसनांपैकी दोन व्यसने रोज दिवे लावून समोर उभी असतात. विक्रेत्यांच्या सफरीत तर कंपनीचे अधिकारी आग्रहही करतात. मुलांना घरी ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. निघण्यापूर्वी कुटुंबप्रमुखाने सर्वांसमोर स्वतःचे नियम सांगावेत आणि जहाजावर ते सर्वांदेखत पाळावेत. आग्रह करणाऱ्या अधिकाऱ्यालाही हसतमुखाने ‘आमच्यात चालत नाही’ एवढे सांगितले की पुरते. अशा नकाराने व्यवहार तुटत नाही, आणि शब्दाला पक्का माणूस म्हणून व्यापाऱ्याची पत राहते.

बुफेच्या वेळी भोगोपभोग परिमाण व्रताची आठवण ठेवावी. ताटात लागेल तेवढेच घ्यावे, टाकून काही देऊ नये. मुले हे पाहूनच शिकतात. ज्या घरात या सर्व गोष्टी तिकिटापूर्वी बोलल्या जातात, तेथील वडीलधारी मंडळी निश्चिंत मनाने जहाजावर चढतात. ज्या घरात त्या बोलल्या जात नाहीत, तेथे आजी सव्वापाचला उपाशी बसलेली असते आणि सून भोजनगृहाच्या बंद दारापाशी उभी असते. हा फरक जहाजावर पडत नाही; तो सोलापुरात, निघण्याच्या पंधरवडाभर आधी पडलेला असतो.