शाळेतील प्रार्थना आणि सरकारचा हुकूम

जून उजाडला, की आमच्या युसूफ वडगावच्या पारावर पेरणीबरोबर शाळाप्रवेशाच्याही गोष्टी निघतात. आणि कोणी आपल्या मुलास शहरातील ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत घालण्याचा मनोदय बोलून दाखविला, की ‘तिथं पोरगं बाटंल’ येथपासून ‘अमेरिकेत तर शाळेत देवाचं नाव घ्यायलाच बंदी आहे’ येथपर्यंत परस्परविरुद्ध मते एकाच बैठकीत ऐकू येतात. बोलणाऱ्यांच्या मनात कपट नसते. खरी हकीकत त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते, इतकेच. ती सांगणे मला अगत्याचे वाटते.

गैरसमज : अमेरिकन मिशनरी म्हणजे इंग्रज सरकारचे हस्तक.

वस्तुस्थिती : गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होते, आणि कंपनी सरकारने त्यांना मुलूख सोडून जाण्याचाच हुकूम फर्माविला होता. पुढे मिशनच्या शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी करून देणाऱ्या १८५४ च्या खलित्यानेही सरकारी शाळांतील शिक्षण मात्र धर्मनिरपेक्षच असावे, असे ठरविले. धर्मप्रसाराचा हेतू मिशनऱ्यांनी कधी लपविला नाही. परंतु मिशन आणि सरकार ही दोन निराळी दफ्तरे होती.

गैरसमज : मिशनच्या शाळेत जो गेला, तो ख्रिस्ती झाला.

वस्तुस्थिती : जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आमच्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या अहमदनगरात सिंथिया फॅरार या अमेरिकन बाईंनी चालविलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि त्या दर्शनाने प्रेरित होऊन १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. उलट, ज्यांनी धर्म बदलला त्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये, वयाची तिशी ओलांडल्यावर, पुष्कळ वाचन-चिंतनाअंती बाप्तिस्मा घेतला. आणि लक्ष्मीबाईंनी पतीमागोमाग न जाता काही वर्षांनी आपल्या विचाराने तो मार्ग धरला. श्रद्धा बदलणे वा न बदलणे हा ज्याच्या-त्याच्या अंतःकरणाचा निवाडा असतो, याची याहून चांगली साक्ष कोणती?

गैरसमज : अमेरिका हे कायद्याने ख्रिस्ती राष्ट्र आहे.

वस्तुस्थिती : तेथील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत आणि नाण्या-नोटांवर देवावरील विश्वासाचे वचनही आहे, परंतु सरकारी पदासाठी धर्माची अट घालण्यास १७८७ च्या राज्यघटनेनेच मनाई केली, आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने सरकारी धर्म स्थापण्यास व धर्माचरणास अटकाव करण्यास, अशी दुहेरी बंदी घातली.

गैरसमज : अमेरिकन शाळांत प्रार्थनेला बंदी आहे.

वस्तुस्थिती : न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने इंग्रजीत अवघ्या २२ शब्दांची एक प्रार्थना रचून शाळांसाठी सुचविली होती. तीत कोणत्याही पंथाचे नाव नव्हते, आणि ज्याला नको त्याला गप्प राहण्याची मुभाही होती; तथापि प्रार्थना रचून देणे हे सरकारचे काम नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दिला, आणि पुढच्या वर्षी सरकारी शाळांत आदेशाने होणारे बायबलपठणही बंद केले. मात्र बायबलचा साहित्य वा इतिहास म्हणून अभ्यास करण्यास त्याच निकालाने मोकळीक ठेवली. आजही एखादा विद्यार्थी जेवणापूर्वी हात जोडून देवाचे नाव घेऊ शकतो. बंदी आहे ती सरकारी सक्तीला, श्रद्धेला नव्हे.

गैरसमज : आपल्याकडे ख्रिस्ती शाळेत प्रवेश घेतला, की धर्मशिक्षण स्वीकारावेच लागते.

वस्तुस्थिती : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि तो जपलाच पाहिजे, परंतु अनुच्छेद २८ सांगतो, की जी संस्था पूर्णतः सरकारी खर्चाने चालते तीत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, आणि जी सरकारमान्य वा अनुदानित आहे तीत विद्यार्थ्याच्या, अथवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून त्याला धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता यावयाचे नाही. हा नियम केवळ ख्रिस्ती शाळेपुरता नाही. मंदिराच्या, मठाच्या वा मदरशाच्या नावाने चालणाऱ्या मान्यताप्राप्त शाळेसही तोच लागू आहे. ज्याला ख्रिस्ती शाळेतील प्रार्थना खुपते, त्याने आपल्या धर्माची प्रार्थना दुसऱ्याच्या मुलावर लादली जात नाही ना, हेही त्याच नजरेने पाहावे.

म्हणून पालकांना माझी विनंती एवढीच, की पारावरच्या अफवेने भिऊन चांगली शाळा टाळू नका आणि भिडेपोटी हक्कही सोडू नका. प्रवेशाच्या अर्जावर सही वा अंगठा करण्यापूर्वी तो कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या, प्रार्थनेविषयी व धर्मशिक्षणाविषयी मुख्याध्यापकांना सरळ विचारा, आणि आपली संमती अथवा नकार लेखी द्या. घटनेने तो अधिकार तुमच्याच हाती ठेवला आहे.