बजेटमधला गेमिंग पीसी: पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे?

‘आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट. गेमिंग पीसी, तोही एकदम स्वस्तात!’ अशा धाटणीची जाहिरात तुम्ही कधी ना कधी पाहिलीच असेल. वाचताना सगळे आकडे दणदणीत वाटतात. पण असा पीसी घरी आणून नवा गेम टाकला की बऱ्याचदा पडद्यावर स्लाइड शो सुरू होतो.

गडबड कुठे होते? फोन घेताना आपल्याला आकडे बघायची सवय लागलेली असते. रॅम किती, स्टोरेज किती, बॅटरी किती. फोनमध्ये ते बऱ्यापैकी चालून जातं, कारण आतली सगळी जुळवाजुळव कंपनीनंच केलेली असते. पीसी असेंबल करताना मात्र ती आपल्याला करायची असते. बैलगाडीचा एक बैल तगडा आणि दुसरा थकलेला असेल तर गाडी थकलेल्या बैलाच्याच चालीनं जाते. पीसीचंही तसंच आहे. म्हणून कोणता पार्ट आधी ठरवायचा, तो क्रम महत्त्वाचा.

१. आधी गेम आणि मॉनिटर ठरवा

दुकानात जाण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: कोणते गेम खेळणार आणि कोणत्या स्क्रीनवर?

फुल एचडी स्क्रीनवर १९२० × १०८०, म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल असतात. १४४०पी स्क्रीनवर सुमारे ३७ लाख आणि फोर-के वर जवळपास ८३ लाख. ग्राफिक्स कार्डला प्रत्येक फ्रेमसाठी हे सगळे पिक्सेल रंगवावे लागतात. म्हणजे फोर-के ला फुल एचडीच्या चौपट पिक्सेल. बजेट कमी असेल तर फुल एचडीच घ्या, यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ हर्ट्झवर दर ६.९ मिलिसेकंदांनी. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. सायबरपंक २०७७ सारखा स्टोरी गेम निवांत खेळायचा असेल तर ६० किंवा ७५ हर्ट्झही चालेल.

२. ग्राफिक्स कार्ड: ‘४ जीबी’ला भुलू नका

गेमिंग पीसीत सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते. जीटी ७३० हे कार्ड २०१४ सालचं. त्याचं ४ जीबीचं मॉडेलही बाजारात आलं होतं. ऐकायला भारी वाटतं, पण ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ म्हणतात तो हाच प्रकार! त्याच्या डीडीआर-३ मॉडेलमध्ये मेमरीचा वेग सेकंदाला ३० जीबीपेक्षाही कमी आहे. २०२१ मध्ये आलेल्या आरएक्स ६६०० चा वेग २२४ जीबी आहे. टाकी मोठी असून काय उपयोग, नळ बारीक असेल तर?

म्हणून किती जीबी हे नंतर विचारा, आधी पूर्ण मॉडेल नंबर विचारा. फुल एचडी गेमिंगसाठी आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० या वर्गातली ८ जीबीची कार्डं चांगली सुरुवात आहेत.

आणखी दोन सापळे लक्षात ठेवा:

- आरएक्स ५८० २०४८एसपी: नाव ५८० चं, पण मूळ आरएक्स ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, यात २०४८. म्हणजे प्रत्यक्षात ते ५७० च्या जवळचं कार्ड आहे.
- आरएक्स ६५०० एक्सटी: मदरबोर्डशी बोलायला याच्याकडे फक्त चार पीसीआय-ई लेन आहेत. जुन्या पीसीआय-ई ३.० च्या बोर्डवर ते आणखी मंदावतं.

३. प्रोसेसर: आय-७ की आय-३, हा प्रश्नच चुकीचा

खरा प्रश्न आहे, कोणत्या पिढीचा? जाहिरातीतला आय-७ जर ४७७० असेल तर तो चौथ्या पिढीचा, २०१३ चा आहे. आय-३ १२१००एफ हा बाराव्या पिढीचा, २०२२ चा. दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड, पण गेमिंगमध्ये हा आय-३ त्या आय-७ ला सहज मागे टाकतो.

जुन्या प्रोसेसरची आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटही चालू लागतं. म्हणजे तो स्वस्तातला आय-७ घेतलात तर आज ना उद्या अडकणारच.

बजेटमध्ये रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ हे सहा कोअर, बारा थ्रेडवाले प्रोसेसर वर सांगितलेल्या कार्डांना व्यवस्थित साथ देतात. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं. कार्ड लावल्याशिवाय डिस्प्ले येणार नाही.

४. मदरबोर्ड: पुढच्या पाच वर्षांचा दरवाजा

मदरबोर्डमुळे एफपीएस फारसे वाढत नाहीत. पण पुढे काय बदलता येईल हे तोच ठरवतो. त्यामुळे त्याचं सॉकेट बघायचं.

- एएम४: रायझन ५ ५६०० इथे बसतो. रॅम डीडीआर-४. प्लॅटफॉर्म जुना आहे, पण खर्च कमी. बी४५० बोर्ड घेणार असाल तर त्याचं बायोस रायझन ५००० मालिकेसाठी अपडेट केलेलं आहे ना, हे दुकानदाराला आधी विचारा. नाहीतर पीसी चालूच होणार नाही आणि तुम्ही पार्ट खराब निघाला म्हणून भांडत बसाल.
- एएम५: २०२२ पासून. रॅम डीडीआर-५. एएमडीनं या सॉकेटला निदान २०२७ पर्यंत साथ द्यायचं जाहीर केलंय. आज जास्त खर्च, पण उद्या फक्त प्रोसेसर बदलून काम भागेल.
- एलजीए १७००: इंटेलची १२वी, १३वी आणि १४वी पिढी. आज आय-३ घेऊन पुढे याच बोर्डवर आय-५ टाकता येतो, त्यापुढच्या पिढीला मात्र नवं सॉकेट आहे.

डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्या खाचा वेगळ्या असतात. एकाची रॅम दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. त्यामुळे रॅम आणि बोर्ड एकाच वेळी ठरवा.

५. रॅम आणि एसएसडी

१६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात, याला ड्युअल चॅनल म्हणतात. पीसी जोडून झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करायला विसरू नका. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

एसएसडी हवीच. सायबरपंक २०७७ च्या २.० अपडेटपासून कंपनीनं किमान गरजांमध्येच एसएसडी टाकली आहे. पण सेकंदाला ७००० एमबीवाली महागडी एसएसडी बजेट पीसीला गरजेची नाही. साधी ३५०० एमबीची एनव्हीएमई घेतली तरी गेम उघडायच्या वेळेत फार फरक पडत नाही.

६. एसएमपीएस: इथे काटकसर नको

खूप जण सगळे पैसे कार्डावर घालतात आणि शेवटी ‘कॅबिनेटसोबत एसएमपीएस फ्री मिळतोय की’ म्हणून तोच लावतात. बाकीच्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा हा एकच डबा. तो जळताना इतर पार्टनाही सोबत घेऊन जाऊ शकतो.

हिशोब सोपा आहे. आरएक्स ६६०० ला सुमारे १३२ वॅट, रायझन ५ ५६०० ला ७०-८० वॅट, बाकी पार्ट मिळून ५० वॅट धरा. झाले साधारण २६० वॅट. थोडी मोकळीक ठेवून ५०० ते ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो, ७५० चा नको.

मग ‘५०० वॅट’ लिहिलेला फ्रीवाला का नको? त्याचं स्टिकर वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ × १८ = २१६ वॅट. वर ५०० छापलेलं असलं तरी कामाचे २१६ च! आपली गरज २६० ची आहे.

‘८० प्लस ब्राँझ’ हे प्रमाणपत्र किती वीज वाया जाते एवढंच सांगतं, सुरक्षेची हमी देत नाही. त्यामुळे ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे का, वॉरंटी किती वर्षांची, तेही बघा. आणि घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते.

७. ६० हजारांची वाटणी कशी करायची?

समजा मॉनिटर, कीबोर्ड, माउस सोडून ६० हजार आहेत. हे दरपत्रक नाही, वाटणीचा अंदाज आहे:

- ग्राफिक्स कार्ड: २३ हजार
- प्रोसेसर: १० हजार
- रॅम: ८ हजार
- मदरबोर्ड: ७ हजार
- एसएमपीएस: ५ हजार
- एसएसडी: ४ हजार
- कॅबिनेट: ३ हजार

भाव सारखे बदलतात. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरची मागणी वाढली आणि रॅम चांगलीच महागली. अशा वेळी फरक भरून काढायला एसएमपीएसच्या पैशांना हात लावू नका. वायफायवाला बोर्ड, वेगळा कूलर, आरजीबी पंखे यांवर वाचवा. रायझन ५ ५६०० च्या बॉक्समध्ये कूलर येतोच. कॅबिनेट मात्र पुढून जाळी असलेलं घ्या. काचेचं फ्रंट छान दिसतं, पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात आतली गरम हवा बाहेर पडायला वाट तर हवी!

८. एवढे पैसे नसतील तर?

मग टप्प्याटप्प्यानं करा. रायझन ५ ५६००जी मध्ये आतच ग्राफिक्स आहे. सेटिंग कमी ठेवून व्हॅलोरंट आणि जीटीए ५ त्यावर छान चालतात, अट एकच, रॅमच्या दोन स्टिक हव्यात. एसएमपीएस सुरुवातीलाच चांगला घ्या, म्हणजे पुढे पैसे जमल्यावर फक्त कार्ड लावायचं. एक तडजोड आहे: ५६००जी चा कॅशे ५६०० च्या निम्मा, १६ एमबी आहे. त्यामुळे नंतर कार्ड लावल्यावर तो थोडा मागे राहील. पण जीटी ७३० वर पैसे उडवण्यापेक्षा हा मार्ग कधीही बरा.

९. खरेदीच्या दिवशी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, गावातल्या दुकानात जा किंवा ऑनलाइन मागवा, पक्कं बिल घ्याच. ‘बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल’ असं कोणी म्हणालं तर गोड हसून नाही म्हणा. बिलावर प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच कागद कामाला येतो.

सेकंडहँड कार्ड घेताना समोर अर्धा तास गेम चालवून बघा. तापमान, पंख्याचा आवाज, पडद्यावर विचित्र ठिपके, सगळं तपासा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि दिवसरात्र राबलेली बरीच कार्डं बाजारात आली. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवलं की कार्डाची खरी ओळख कळते.

पीसी घरी आला की मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावा. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडा, नाहीतर मॉनिटर ६० वरच चालत राहील.

आता पुन्हा ती पहिली जाहिरात वाचा. आय-७, पण कोणत्या पिढीचा? रॅम १६ जीबी, पण डीडीआर किती आणि स्टिक किती? ग्राफिक्स ४ जीबी, पण मॉडेल कोणतं? एसएमपीएसच्या १२ व्होल्ट लाइनवर अँपिअर किती? हे चार प्रश्न विचारा. समोरच्यानं सरळ उत्तरं दिली तर बोलणं पुढे न्या. उत्तरं टाळली, तर पैसे खिशातच राहू द्या.