मिकीच्या पंगतीला

जेवणाऱ्या माणसाला मध्येच उठवू नये, ही आपल्याकडची रीत. पानावर बसलेल्याने नमस्कारसुद्धा करायचा नसतो. कुणी पाया पडायला आलंच तर आजी डोळ्यांनीच दटावते. पंगतीत जेवणाऱ्यांना मध्येच थांबवायची सूट एकाच माणसाला असे, यजमानाला. भाताची दुसरी फेरी सुरू झाली की तो खांद्यावरचा पंचा सावरत ओळीतून फिरायचा, प्रत्येकापुढे क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, ‘सावकाश होऊ द्या.’

अमेरिकेतल्या फ्लोरिडात, ऑरलँडोजवळ, एक जेवणघर आहे. तिथे यजमानाच्या या फेरीसाठीच लोक पैसे मोजतात. यजमान आहे उंदीर.

‘शेफ मिकीज’ हे ते जेवणघर. 1971 साली उघडलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या कंटेम्पररी हॉटेलात ते 1995 पासून आहे. हॉटेलही अजब: पार्कात नेणारी मोनोरेल इमारतीच्या पोटातून, जेवणाऱ्यांच्या डोक्यावरून जाते. मांडणी बफेची. ताट घ्या, रांगेने पुढे सरका, हवं ते वाढून घ्या. नाश्त्याला मिकीच्या तोंडाच्या आकाराचे वॉफल असतात, दोन गोल कानांसकट. एरवी अंडी, बटाटे, फळं, पाव. चवीसाठी कुणी 60 दिवस आधी टेबल राखून ठेवील असं काही त्यात नाही. तरी लोक ठेवतात, कारण मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी आणि प्लुटो स्वयंपाक्याच्या वेशात टेबलाटेबलाशी येतात.

या फेरीची शिस्त जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पात्राचा मार्ग ठरलेला, एकही टेबल सुटता कामा नये. सोबत साध्या कपड्यातला एक सोबती असतो, कारण त्या भल्यामोठ्या मुखवट्यातून खालचं फारसं दिसत नाही आणि कमरेएवढी पोरं पायात येतात. पात्र बोलत नाही. बोलायचा हक्क फक्त राजकन्यांसारख्या उघड्या चेहऱ्याच्या पात्रांना. मुखवटेवाल्यांनी सगळं हातवाऱ्यांनी सांगायचं. पोरं सह्यांची वही पुढे करतात, म्हणून अनुभवी आईबाप जाड पेन सोबत नेतात. त्या फुगीर, चार बोटांच्या हातमोज्यात बारीक पेन धरता येत नाही. मध्येच गाणं लागतं आणि सगळे रुमाल गरगर फिरवायला लागतात. पात्र टेबलाशी थांबतं ते एखाद-दोन मिनिटं. तेवढ्यात दोन वर्षांचं पोरगं किंचाळत आईच्या कुशीत शिरतं, बापाचा फोटो हुकतो, अंडी गार होतात. सगळे खूश असतात.

भाव माणशी. तीन वर्षांखालचं मूल फुकट, दहाव्या वर्षापासून पूर्ण आकार. आपल्या एसटीत निदान बारापर्यंत हाफ तिकीट चालतं.

जेवण आणि जत्रा यांची ही गाठ बसली कशी, याची गोष्ट दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात सुरू होते. ब्युएना पार्क गावी वॉल्टर नॉट नावाचा शेतकरी बेरीची फळं विकायचा. बॉयसनबेरी ही जात बाजारात आणली ती त्यानेच. मंदीच्या काळात, 1934 च्या जूनमध्ये, त्याची बायको कॉर्डेलिया हिने पहिल्या संध्याकाळी कोंबडीची आठ ताटं वाढली, 65 सेंटला एक, आणि तीही आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या बशांतून. पुढे गर्दी इतकी झाली की लोकांना तासन्‌तास ताटकळावं लागे. कंटाळलेलं गिऱ्हाईक निघून जाऊ नये म्हणून नॉटने 1940 पासून तिथे जुन्या सोन्याच्या खाणीच्या काळातलं एक ओसाड गाव उभं करायला घेतलं. त्यातूनच आजचं नॉट्स बेरी फार्म हे पार्क झालं. म्हणजे आधी जेवण, मग रांग, मग रांगेची करमणूक. 1983 साली तिथे कार्टूनमधला स्नूपी कुत्रा आला आणि करमणुकीला चेहरा मिळाला.

तिथून दहा-बारा किलोमीटरवर 17 जुलै 1955 ला डिस्नेलँड उघडलं. तेव्हा मिकीचे अंगरखे डिस्नेच्या घरचे नव्हतेच. बर्फावरच्या नाचाचे खेळ करणाऱ्या आइस कपेड्स या कंपनीकडून ते उसने आणले होते. पात्रं आवारात मोकळी हिंडायची. त्यांना जेवणाच्या टेबलाशी आणणं हा पुढचा शोध, आणि माझ्या मते धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात हुशार. बफेने वाढपी घालवला आणि वाढप्याबरोबर आग्रहही घालवला. घालवलेला आग्रह डिस्नेने रंगवून, कान लावून, वेगळा विकला.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव, पुसद, उमरखेड पट्ट्यात हे पटकन कळावं. इथल्या मंगल कार्यालयांत बफे आला तेव्हा म्हाताऱ्यांनी ‘ढोरासारखं उभ्यानं काहून खायचं’ म्हणून तोंडं फिरवली होती. आता खाली बसून पंगत उरली ती बहुतेक तेरवीला आणि भंडाऱ्याला. लग्नात नवरीचा बाप स्टेजजवळ फोटोसाठी उभा. प्लेट घेऊन गेलेल्याला भाजी पोचली की नाही, कुणी विचारत नाही. वांग्याच्या भाजीपुढची रांग वळसा घेऊन मठ्ठ्याच्या पिंपापर्यंत जाते आणि पाहुणा न सांगताच निघून जातो.

महाराष्ट्रात डिस्नेसारखं पार्क पाहायचं तर महागावहून 600 किलोमीटरच्या घरात प्रवास करावा लागतो. 1989 साली गोराईत सुरू झालेलं एस्सेल वर्ल्ड 2022 मध्ये बंद पडलं. आता नाव घ्यायचं ते रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाचं. मनमोहन शेट्टींच्या अ‍ॅडलॅब्सने ते एप्रिल 2013 मध्ये उघडलं. तिथे चाच्यांच्या जहाजाच्या आकाराचं ‘अरमाडा’ नावाचं हॉटेल आहे, जुन्या अमेरिकन खानावळीच्या थाटाचं ‘रेड बॉनेट’ आहे आणि टबी नावाचा हत्ती पोरांशी हात मिळवतो. पण पार्काचा जीव पाळण्यांत आणि ‘मिस्टर इंडिया’तल्या मोगँबोत, जेवण ही तिथे दोन पाळण्यांमधली विश्रांती. कर्जाखाली वाकलेलं हे पार्क 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने घेतलं. हा समूह म्हणजे गाय छाप जर्दावाले. आमच्या पारावर हे सांगितलं की इमॅजिका एकदम ओळखीचं वाटायला लागतं. शिर्डीचं ‘साई तीर्थ’ हे भक्तीचं पार्कही त्यांचंच.

वेश घेऊन माणसांसमोर येणं आम्हाला नवं नाही. बहुरूपी, रायरंद दारी यायचे, अजूनही अधूनमधून येतात. बहुरूपी कधी फौजदार होऊन बाजारात उभा राहतो, दुकानदाराला वॉरंट दाखवतो, आणि भोवती घोळका जमला की सलाम ठोकून बिदागी मागतो. त्याचं एक जुनं सोंग तर जेवणाचंच: एका भन्नाट लग्नाचं आवतण तो सुरात देतो आणि त्या लग्नात काय काय वाढणार याची अशी यादी म्हणतो की ऐकणाऱ्याला हसूही यावं आणि शिसारीही. मिकी बोलत नाही. बहुरूप्याचं सगळं पोट बोलण्यावर. मिकीचा अंगरखा संध्याकाळी धुलाईला जातो आणि उद्या दुसऱ्याच्या अंगावर चढतो. बहुरूप्याचा फेटा, मिशी, खाकी सदरा त्याच्या स्वतःच्या गाठोड्यातले, आणि रंगाखाली कोण आहे हे अर्ध्या गावाला ठाऊक असतं. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने मात्र गाणं, नाच, भविष्य किंवा खेळ यांच्या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणं भिकेतच धरलं. कायदा करणाऱ्यांनी बिदागी आणि भीक यांत फरक केला नाही, हे मला आजही खटकतं.

मुखवट्याच्या आतल्या माणसाला तिकडे तरी सुख आहे का? फ्लोरिडाच्या डिस्नेत पात्रांच्या अंगरख्याखाली घालायचे आतले कपडेसुद्धा कंपनीच द्यायची. ते सगळ्यांचे मिळून एकत्र धुतले जात आणि सकाळी हाताला येईल तो जोड घालावा लागे. त्यातून उवा आणि खरूज पसरल्याच्या तक्रारी झाल्या. टीमस्टर्स या कामगार संघटनेने हा प्रश्न वाटाघाटीत धरला आणि 2001 मध्ये प्रत्येकाला स्वतःचे कपडे मिळाले, घरी नेऊन धुण्याच्या परवानगीसह. जगातल्या सर्वात हसऱ्या उंदराच्या आतल्या माणसाला स्वच्छ चड्डीसाठी युनियन लागली. कॅलिफोर्नियातल्या पात्रांनी आणि मिरवणुकीतल्या नाचणाऱ्यांनी मे 2024 मध्ये मतदान केलं. 953 विरुद्ध 258 मतांनी ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ या नटांच्या संघटनेत जायचं ठरलं.

आमच्याकडेही हल्ली लग्नाच्या, वाढदिवसाच्या पॅकेजमध्ये डीजे, धूर आणि फोटोबूथ यांच्या जोडीला एक मिकी किंवा छोटा भीम मिळतो. अंगरखा इव्हेंटवाल्याचा, आतला पोरगा रोजंदारीचा. सोबती नाही, पाळी बदलायला दुसरा कुणी नाही, आणि कान ओढणाऱ्या पोरांना हाकलायलाही कुणी नाही. लग्नाचा हंगाम एप्रिल-मे, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात पारा 44 च्या पुढे जातो आणि त्या मखमली अंगरख्याला वाऱ्यासाठी भोक म्हणाल तर तोंडाची जाळी तेवढी. हल्ली उन्हामुळे रिसेप्शन रात्री सातनंतर ठेवतात. मिकीसाठी नव्हे, पाहुण्यांसाठी. पण फायदा त्यालाही होतो.