"कसं वाटलं?" असं विचारू नका! – मुलांचा गाण्याचा व्हिडिओ आणि प्रेक्षकांचा अभिप्राय



आजकाल बहुतेक शाळांमध्ये मुलांकडून गाण्याचा व्हिडिओ करून घेतला जातो. स्वच्छतेवर, पाण्यावर, झाडांवर. मोबाईलवर शूटिंग होतं, एखाद्या साध्या ॲपवर एडिटिंग होतं, व्हिडिओ गटात जातो आणि अंगठे, टाळ्या येतात. उपक्रम संपला. माझ्या वर्गातही हेच होत होतं. मागच्या वर्षी मात्र व्हिडिओ सगळ्यांना पाठवायच्या आधी आम्ही तो काही जणांना दाखवला, त्यांचं ऐकलं आणि मग पुन्हा केला. त्यात जे शिकायला मिळालं ते आज सांगते.

आमचा विषय

आमच्या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं खूप आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. आई-बापाबरोबर पोरंही जातात आणि वर्गातली बाकं रिकामी होतात. म्हणून पाचवीच्या मुलांनी ठरवलं, यावरच गाणं करायचं. ऑगस्टमध्ये गाणं लिहिलं. ध्रुवपद असं:

आई, मला नको नेऊ उसाच्या फडावर,
नाव माझं आहे शाळेच्या पटावर.

चाल मुलांचीच. ढोलकीऐवजी बाक, टाळांऐवजी ताटल्या. मोबाईल ठेवायला विटांचा स्टँड. सव्वाचार मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला. मला तर तो फारच आवडला होता. पण हा व्हिडिओ माझ्यासाठी नव्हताच. तो होता आई-बापांसाठी, आणि दसऱ्याला दीड महिना उरला होता.

कोणाला दाखवायचा?

आम्ही तीन प्रकारचे प्रेक्षक निवडले.

१. चौथीची मुलं – त्यांना गाण्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.
२. ज्यांच्यासाठी गाणं केलं ते – ऊसतोडीला जाणाऱ्या सहा आया आणि तीन आज्या.
३. आवाज-चित्रातलं थोडं कळणारे – शेजारच्या शाळेतले एक सर.

ज्यांची मुलं गाण्यात आहेत ते पालक पहिल्या फेरीत नकोत. ते फक्त आपलं लेकरू बघतात, आणि ते साहजिकच आहे. एकदम पन्नास जणांनाही दाखवू नका. गर्दीत एक जण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. तीन-तीन, चार-चार जणांना दाखवलं की लोक मोकळं बोलतात.

काय विचारायचं?

पहिल्या दिवशी मुलांनी चौथीच्या वर्गाला विचारलं, "कसं वाटलं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "छाऽऽन!" वहीत लिहायला काहीच मिळालं नाही. मग आम्ही बसून प्रश्न बदलले:

- गाणं कशाबद्दल होतं? एका वाक्यात सांगा.
- कोणतं दृश्य डोळ्यांसमोर राहिलं?
- कुठले शब्द ऐकू आले नाहीत किंवा कुठं कळलं नाही?
- बघताना मनात काय आलं?
- आता तुम्ही काय कराल?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा. चौथीतली चार मुलं म्हणाली, "गाणं उसाबद्दल आहे. ऊस कसा तोडतात ते दाखवलंय." आमची मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली! कारण शोधलं. पहिला पाऊण मिनिट नुसता उसाचा फड दिसत होता. शाळा कुठंच नव्हती.

प्रश्न विचारायला मुलांच्या जोड्या केल्या. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं बोललेलं जसंच्या तसं लिहायचं. नियम एकच: उत्तर ऐकताना आपली बाजू मांडायची नाही. "नाही ओ, आमाला तसं म्हणायचं नव्हतं" हे वाक्य बंद. प्रेक्षकाला जे कळलं तेच खरं, कारण उद्या व्हिडिओ घरोघर जाईल तेव्हा समजावून सांगायला आपण तिथं नसणार.

तोंडापेक्षा डोळे खरं सांगतात

लहान मुलं आणि पाहुणचारात वाढलेली माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत. त्यावर एक जुनी युक्ती आहे. अमेरिकेत १९६९ साली 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या संशोधनाचं काम पाहणारे एडवर्ड पामर मुलांना "आवडलं का?" असं विचारत बसले नाहीत. टीव्हीशेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं लावली आणि मूल कोणत्या क्षणी कुठं बघतं याची नोंद घेतली. जिथं नजर टीव्हीवरून हटली, तो भाग कच्चा.

आपल्याकडे दुसरा पडदा कुठला! पण खिडकी असते, बाहेर गाढव ओरडतं, शेजारी मैत्रीण बसलेली असते. आम्ही कागदावर पंधरा-पंधरा सेकंदांचे चौकोन आखले. दोन मुलं पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून बसली. किती जण बघतायत, तेवढ्या रेघा. सगळे कागद एकत्र केल्यावर दिसलं की दोन मिनिटांनंतर रेघा निम्म्यावर येतात. तिथं तेच ध्रुवपद चार वेळा लागोपाठ होतं. ताळ्याच्या खुणा, स्तंभालेख, सगळं गणित त्यात आलं, आणि मुलांनी ते न कंटाळता केलं.

एका आईचं बोलणं

आता खरी गोष्ट. दुसऱ्या कडव्यात मुलांनी लिहिलं होतं, "पैशांपायी माझी पाटी कोणी फोडली?" मला ती ओळ जोरदार वाटली होती. आयांना व्हिडिओ दाखवला, आणि त्या ओळीपाशी सगळ्या गप्प झाल्या. एक आई पदर सारखा करत म्हणाली, "मॅडम, पोरांनी लई चांगलं केलंय. पण आमी काय हौसंनं नेतो का लेकरं? उचल घेतलेली असती. मागं कुणाच्या जिवावर ठिवायची? आन् राहतील कुठं, खातील काय, ते तर गाण्यात कायच नाही."

प्रश्न विचारणारी मुलगी माझ्याकडे बघू लागली. मला उत्तर सुचलं नाही. आम्ही ज्यांना पटवायला निघालो होतो, त्यांनाच आरोपी करून बसलो होतो. व्हिडिओ तसाच गटात गेला असता तर अंगठे भरपूर आले असते. त्या आयांनी मात्र तो मुकाट्यानं बंद केला असता आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

आलेल्या सूचनांचं काय करायचं?

सगळ्या सूचना चिठ्ठ्यांवर लिहून आम्ही तीन ढीग केले: 'बदलायचं', 'विचार करू' आणि 'आहे तसं ठेवू'. तीन किंवा जास्त जणांनी एकच गोष्ट सांगितली तर ती पहिल्या ढिगात. पण नुसतं मोजून भागत नाही. त्या आईचं म्हणणं एकटीचं होतं, तरी मुलांनी ते सगळ्यात वर ठेवलं. का? एक मुलगा म्हणाला, "गाणं तिच्यासाठीच हाय ना." याउलट "डीजे लावा, सिनेमाचं गाणं टाका" असं पाच जणांनी सांगितलं होतं. ते मुलांनी नाकारलं. दुसऱ्याचं गाणं परवानगीशिवाय वापरता येत नाही हेही त्यानिमित्तानं बोलणं झालं. अभिप्राय सगळा ऐकायचा, निर्णय मात्र करणाऱ्याचा.

मग झालेले बदल असे:

- सुरुवात उसाऐवजी रिकाम्या बाकावरून.
- लांबी सव्वाचारवरून पावणेतीन मिनिटं.
- ताटल्यांचा आवाज कमी. सरांनी सांगितलं, मोबाईल गाणाऱ्याच्या जवळ आणि पंखा बंद ठेवा. तेवढ्यानंच निम्मं काम झालं.
- गाण्याचे शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात. याचा दुहेरी फायदा आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये काम केलेले ब्रिज कोठारी १९९६ पासून हेच मांडत आले आहेत की गाणं ज्या भाषेत, त्याच भाषेतले शब्द पडद्यावर दिसले तर वाचनाचा सराव आपोआप होतो.
- शेवटी वीस सेकंद माहिती: आई-वडील कामाला गेल्यावर गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, त्यासाठी मुख्याध्यापकांना किंवा शाळा व्यवस्थापन समितीला आधीच भेटा.

आणि ती ओळ? मुलांनी ती स्वतःच काढली. तिच्या जागी आलं:

उचल फिटेल आई, घाम तुझा सांगतो,
गावाकडं राहून मी पाटी राखतो.

मुलांची मनं सांभाळा

टीका ऐकणं मोठ्यांनाही जड जातं. एका मुलीच्या आवाजाला चौथीतले दोघे हसले, आणि तिनं दुसऱ्या दिवशी गायला नकार दिला. चूक माझी होती, मी प्रेक्षकांना आधी काही सांगितलंच नव्हतं. अमेरिकेतले शिक्षक रॉन बर्गर अभिप्रायाचे तीन नियम सांगतात: तो प्रेमानं दिलेला हवा, नेमका हवा आणि उपयोगी हवा. ते पहिलीतल्या ऑस्टिन नावाच्या मुलाची गोष्ट सांगतात. त्याचं फुलपाखराचं चित्र वर्गमित्रांच्या नेमक्या सूचनांमुळे सहाव्या प्रयत्नात ओळखू न येण्याइतकं सुधारलं. मी हे तीन नियम फळ्यावर लिहिले. "आवाज वाईट" ऐवजी "दुसऱ्या ओळीला आवाज खाली जातो, तिथं दोघींनी गा" असं बोलायला शिकवलं. ती मुलगी पुन्हा गायली, मैत्रिणीसोबत.

आणखी एक. मुलांचे चेहरे दाखवण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्या. आमचा व्हिडिओ फक्त गावातल्या पालकांच्या गटातच गेला.

शेवटी

मुलाखत घेणं, ऐकलेलं टिपणं, वर्गीकरण, पुनर्लेखन, हे सगळं आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत लिहिता आलं. पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. दसऱ्याच्या आधीच्या पालक सभेत नवा व्हिडिओ दाखवला. तीच आई शेवटपर्यंत बघत होती. सभा संपल्यावर दाराशी थांबून म्हणाली, "मॅडम, ते वसतिगृहाचं नाव कुठं लिवायचं?" त्यांचा मुलगा त्या हंगामात गावातच राहिला. व्हिडिओमुळेच राहिला असा दावा मी करणार नाही, आजीही तयार झाली होती. पण पहिल्याच व्हिडिओवर थांबलो असतो, तर तो प्रश्न विचारायला त्या दाराशी थांबल्या असत्या का?