ताप उतरल्यानंतरची धूसर नजर

नजर मंदावली म्हणजे मोतीबिंदू, हे समीकरण आमच्या सीमाभागात घरोघरी पक्के झालेले आहे. त्यास कारणही तसेच आहे. त्या वेळच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगी येथे १९१६ साली जन्मलेले डॉ. मुरुगेप्पा चन्नवीरप्पा मोदी यांनी गावोगावी नेत्रशिबिरे भरवून असंख्य वृद्धांना पुन्हा जग दाखविले. त्या पुण्याईने शस्त्रक्रियेची भीती गेली. पण त्याबरोबर एक समजूतही रूढ झाली, की दृष्टी जाणे हे म्हातारपणाचे दुखणे आणि ते थांबले तरी चालते. तरण्याताठ्या माणसाची, वरून निरोगी दिसणाऱ्या डोळ्याची नजर काही दिवसांत आतल्या आत जाऊ शकते, हे त्यामुळे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही.

डोळ्याच्या मागच्या बाजूस आतून एक नाजूक पडदा असतो. त्यास दृष्टिपटल म्हणतात. बाहेरचे चित्र उमटते ते त्यावर. या पडद्याच्या पाठीमागे रक्तवाहिन्यांचा दाट थर असून तो पडद्याच्या बाहेरील भागाचे पोषण करतो. पडद्यास किंवा या थरास दाह झाला, की तेथे सूज येते, पांढुरके डाग पडतात, चित्र पुसट होते. पडद्यास वेदनेची जाणीव नसल्याने डोळा पुष्कळदा दुखत नाही, लालही होत नाही. घरच्यांना डोळा निर्मळ दिसतो आणि ज्याचा तो असतो त्यास मात्र समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

असा दाह क्षयाने होतो, मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जीवाने होतो, कधी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेही होतो. परंतु आमच्या प्रांतात ज्याची आठवण प्रत्येक घराने ठेवावी, तो दाह तापानंतरचा.

चिकुनगुनिया महाराष्ट्राला नवा नव्हता. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तो जणू विस्मरणात गेला आणि २००५ च्या अखेरीस परतला. २००६ साली एकट्या कर्नाटकात साडेसात लाखांच्या आसपास संशयित रुग्ण नोंदले गेले. लोकांच्या स्मरणात राहिले ते आखडलेले सांधे. डोळ्यांची हकीकत मात्र मागे पडली. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि बंगळुरूचे नारायण नेत्रालय येथील डॉक्टरांनी त्या साथीतील रुग्णांचे डोळे तपासून आपली निरीक्षणे २००७ व २००८ मध्ये प्रसिद्ध केली. ताप ओसरल्यावर कित्येकांच्या दृष्टिपटलास, काहींच्या दृष्टिचेतेसही दाह झालेला आढळला. डेंग्यू आणि गोचीड, पिसवांसारख्या कीटकांमुळे होणारा टायफससारखा ताप यांनंतरही असे घडते. बहुधा ताप उतरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी नजर धूसर होते. ताप आलेल्या प्रत्येकास हे होत नाही. पण ज्यास होते त्याचे दिवस मोलाचे असतात.

हे दिवस वाया कसे जातात, ते आम्ही काकतीसारख्या गावात पाहत आलो आहोत. ‘तापाने अशक्तपणा आला आहे, दूधतूप पोटात गेले की दिसेल’, असे वडीलधारी मंडळी मायेने सांगतात. कोणी शक्तीचे औषध आणतो, कोणी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून येतो. शिवाय एकच डोळा बिघडला असेल, तर दुसरा त्याची उणीव झाकून घेतो आणि रोग्यालाच पत्ता लागत नाही. यावर साधा उपाय आहे. आजारातून उठलेल्या माणसाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभे राहून एकेक डोळा तळहाताने झाकावा व आकडे वाचावेत. आकडे पुसट वाटले, चौकटीच्या रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधोमध काळा डाग आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे निघावे.

तेथे थेंब घालून बाहुली मोठी करतात व पडदा तपासतात. काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबतीला कोणी असावे. उपचार कारण पाहून ठरतो. स्टेरॉईडने दाह ओसरतो. पण जंतूंचा संसर्ग असताना केवळ तेच घेतले, तर अनर्थ होऊ शकतो. यास्तव शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या कदापि घेऊ नयेत. वेळेवर गेलेल्या बहुसंख्य रुग्णांची नजर काही आठवड्यांत वा महिन्यांत पुष्कळशी सुधारते. पडद्याचा मध्यभाग किंवा दृष्टिचेता कायमची दुखावली असेल, तर मात्र गेलेले परत येत नाही.

आपण परप्रांतात वसलेली माणसे. घरातील वृद्ध स्त्रिया डॉक्टरांसमोर भाषेच्या संकोचाने गप्प राहतात. ‘डोळे नीट नाहीत’ एवढेच सांगून परततात. तेव्हा बरोबर जाणाऱ्या मुलासुनांनी तेथील भाषेत दोन गोष्टी न विसरता सांगाव्यात: नजर कोणत्या दिवसापासून मंदावली आणि त्याआधी ताप केव्हा आला होता. आमच्याकडे ‘कण्णु मंजागिदे’ म्हटले, की डोळ्यांपुढे धुके आले आहे, हे कानडी डॉक्टर ओळखतात. तापाची तारीख सांगितली, की त्यांचा निम्मा शोध सोपा होतो. आजारपणाची ही तारीख घरच्या दिनदर्शिकेवर टिपून ठेवण्याची सवय प्रत्येक कुटुंबाने लावून घ्यावी, एवढीच आमची विनंती.