परग्रहावरील पाहुणे

आकाशांत आपल्यासारखें बुद्धिमान् कोणी असेल काय, आणि तें आपल्याकडे येऊन जातें काय, हे दोन प्रश्न आपण एका दमांत विचारतों. वस्तुतः ते भिन्न आहेत.

पहिल्याचें उत्तर होकारार्थी असणें असंभाव्य नाहीं. आपल्या आकाशगंगेंत निदान १०० अब्ज तारे आहेत. १९९५ सालीं सूर्यासारख्या एका ताऱ्याभोंवतीं पहिला ग्रह सांपडला. आतां अशा परक्या ग्रहांची गणना हजारांवर गेली आहे.

दुसऱ्याच्या आड अंतर येतें. सूर्यानंतरचा निकटतम तारा ४.२ प्रकाशवर्षें दूर आहे. १९७७ सालीं सोडलेलें व्हॉयेजर-१ हें यान सेकंदास १७ किलोमीटर धांवतें. तरी तेवढें अंतर तोडण्यास त्याला सुमारें ७५,००० वर्षें लागतील. आपणांस जें साधत नाहीं तें इतरांसही साधणार नाहीं, असें अर्थात् नव्हे. परंतु त्यास पुरावा हवा.

पुराव्याविना मन कसें फसतें तें मंगळानें दाखविलें. १८७७ सालीं स्क्यापारेल्ली यांनीं त्यावर रेषा पाहिल्या. पुढें पर्सिव्हल लॉवेल यांनीं ते बुद्धिमान् प्राण्यांनीं खणलेले कालवे होत असें प्रतिपादिलें. १९६५ सालीं मॅरिनर-४ नें जवळून छायाचित्रें घेतलीं. त्यांत कालवे नव्हते. लॉवेल लबाड नव्हते. अंधुक ठिपके जोडून त्यांनीं मनांतलें चित्र पुरें केलें, इतकेंच.

आकाशांतील एखादा प्रकाश ओळखतां आला नाहीं, म्हणजे तो परक्यांचाच, असें ठरत नाहीं. दार उघडें असावें. पण कावळा ओरडला एवढ्यावरून कोणी पाहुण्याचें पान मांडीत नाहीं!