मागून बसलेली पिकअप आणि कमानीचं काम

डिसेंबर-जानेवारीत हिंगणघाटच्या बाजार समितीकडे कापसाच्या पिकअपची रांग लागते. त्या रांगेच्या कडेने चालत जावं आणि प्रत्येक गाडीच्या डाल्याखाली, मागच्या चाकाजवळ बघावं. काही गाड्यांच्या कमानी भरल्या वजनाखालीही थोडा बाक राखून असतात. काहींचे पाटे पार सपाट झालेले असतात. आणि काहींचे तर उलटे फिरलेले असतात: टोकं खाली, मध्य वर, आणि चेसिसचा रबरी गुटका थेट हाउसिंगवर टेकलेला. या तिसऱ्या प्रकारच्या गाडीला कमान आहे असं म्हणण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. पांदण रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ चेसिसला बसतो.

अशा गाडीच्या मालकाला ठरलेला सल्ला मिळतो: दोन पाटे वाढवून घे. कधी तो बरोबर असतो, बऱ्याचदा अर्धवट असतो आणि काही वेळा गाडीला धोक्यात घालणारा असतो. कमान नेमकं काय करते हे समजलं तर मिस्त्रीसमोर उभं राहून काय मागायचं ते ठरवता येतं.

मागची कमान दोन कामं एकदम करते. एक तर वजन पेलते. दुसरं, त्याच्याकडे कमी लक्ष जातं पण तितकंच मोठं: मागचं हाउसिंग जागेवर धरून ठेवते. मेन पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात आणि त्यांत बुश बसतात. पुढचं टोक चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये पक्कं असतं, मागचं टोक शॅकलवर झुलतं. वजन पडलं की बाक कमी होतो, पाटा लांबीला थोडा वाढतो, आणि ती वाढ शॅकल मागे सरकून सामावून घेतो. गाडी पुढे ढकलण्याचा जोर आणि ब्रेकचा ताण हे दोन्ही याच पाट्यातून चेसिसकडे जातात. म्हणून कमानीत केलेला बदल गाडी किती बसते एवढ्यावरच थांबत नाही. ती कशी चालते आणि कशी थांबते, हेही त्याबरोबर बदलतं.

पहिलं काम गॅरेजमध्ये नाही, वजनकाट्यावर करायचं. रिकामी गाडी पूर्ण काट्यावर घ्यावी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा वजन घ्यावं. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे मागच्या धुरीवरचा भार. नेहमीचा माल नेहमीसारखा भरून हेच परत करावं. या चार आकड्यांशिवाय कमानीचं काम सांगणं म्हणजे अंदाजाने सांगणं, आणि हे आकडे मिळवायला लागतो तो फक्त काट्याच्या पावत्यांचा खर्च.

या आकड्यांत एक गोष्ट हमखास दिसते: भार कुठे ठेवला यावर सगळं फिरतं. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि १५०० किलो माल आहे. त्या मालाचा मध्य मागच्या धुरीच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल तर मागच्या धुरीवर १३५० किलो येतात, पुढे १५०. तोच मध्य ३० सेंटिमीटर मागे गेला तर मागे १६५० किलो येतात, म्हणजे मालापेक्षाही जास्त, आणि पुढची चाकं १५० किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग सैल लागतं, ओल्या रस्त्यावर पुढचे ब्रेक पकड सोडतात. डाला मागे वाढवून घेतलेल्या गाड्यांचं हे दुखणं आहे. ते कमान बदलून जात नाही. माल पुढे सरकवून जातं.

आता कमानीचा हिशेब. १३५० किलो म्हणजे प्रत्येक बाजूला ६७५. हिशेबासाठी धरू की या भाराने गाडी ९ सेंटिमीटर बसते, म्हणजे कमानीची ताकद सेंटिमीटरला ७५ किलो. सहा पाट्यांच्या जुडग्यात त्याच जाडीचा, जवळपास तेवढ्याच लांबीचा सातवा पाटा टाकला तर ताकद साधारण सहाव्या भागाने वाढते. सेंटिमीटरला ७५ चे ८७ किलो होतात आणि गाडी ९ ऐवजी पावणेआठ सेंटिमीटर बसते. फरक सव्वा सेंटिमीटरचा. एका पाट्याने फार फरक पडला नाही अशी तक्रार येते तिचं कारण हे आहे.

जाडीचं गणित मात्र वेगळं आहे. पाट्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सगळे पाटे ७ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचे टाकले, फक्त एक मिलिमीटर वाढवला, तर ताकद जवळजवळ दीडपट होते आणि तीच गाडी ६ सेंटिमीटरच बसते. लांबीचा नियम याच्या उलट: पाटा जितका आखूड तितका तो झपाट्याने कडक होत जातो, आणि हेही घनाच्याच प्रमाणात.

मग एकच जाडजूड पाटा पातळ पाट्यांत सारला तर? हा सगळ्यात जास्त केला जाणारा प्रकार आहे आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. जुडग्यातले सगळे पाटे एकत्र वाकतात, त्यांचा बाक जवळपास सारखा असतो. सारख्या बाकाला जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो, जाडीच्या थेट प्रमाणात. म्हणजे दुप्पट जाड पाटा शेजाऱ्याइतकाच वाकला तरी दुप्पट ताण सोसतो, आणि आधी तोच जातो. जुडग्यात मजबूत म्हणून टाकलेला पाटाच पहिला तुटला, तर लोखंड खराब होतं असं लगेच म्हणू नये. बहुतेक वेळा त्याच्याकडून शेजाऱ्यांपेक्षा जास्त काम घेतलं गेलेलं असतं.

आणखी एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी. कमान बसणं आणि कमान कमी पडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. रिकामी गाडीही मागून खाली दिसत असेल, किंवा डावी बाजू उजवीपेक्षा खाली असेल, तर पाट्यांचा मूळ बाक गेलेला आहे. (डावी बाजू आधी थकते, कारण आपले रस्ते डावीकडे उतरते असतात आणि खड्डेही कडेलाच जास्त.) अशा कमानीत पाटे वाढवणं म्हणजे थकलेल्या पाट्यांचा भार नव्यावर टाकणं. तिथे पूर्ण जुडगाच बदलावा, आणि दोन्ही बाजूंचा. उलट रिकामी गाडी ताठ उभी राहते आणि पासिंगइतका, म्हणजे नोंदणीत मंजूर तेवढा, माल भरल्यावरच गुटक्याला टेकते, तर ताकद वाढवण्याचा विचार रास्त आहे.

थकलेला पाटा पुन्हा बाक देऊन चढवण्याची पद्धत आहे. पण भट्टीत लाल करून ठोकला आणि तसाच हवेत निवू दिला तर स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात दिलेला ताव निघून जातो. कारखान्यात ते तापवून तेलात बुडवतात, मग कमी उष्णतेवर परत तापवून ठिसूळपणा काढतात, आणि शेवटी ताण येणाऱ्या बाजूवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्या माऱ्याने पृष्ठभाग दाबला जातो आणि चीर सुरू व्हायला वेळ लागतो. हे सगळं रस्त्याकडेच्या भट्टीत परत येत नाही. पाटा दिसायला वर येतो आणि हंगाम संपायच्या आत परत बसतो. वेल्डिंगचा थेंब तर पाट्याला लागूही देऊ नये. तिथूनच चीर धरते.

जुनी कमान उघडताना शेजारी उभं राहावं, बरंच काही कळतं. यू-बोल्ट निघतात, शिकंज्यात धरून सेंटर बोल्ट सोडला की पाटे एकेक करून सुटतात. मधून गंजाची लाल भुकटी आणि काळ्या मातीचा वाळलेला थर निघतो. मेन पाट्याच्या पोटाला, दुसऱ्या पाट्याचं टोक घासत होतं तिथे, आडवी खाच पडलेली असते. नख फिरवलं की लागते. पुढे पाटा तुटला तर बहुधा त्याच रेषेवर. तुटलेला पाटा असेल तर त्याचा छेद बघावा. काठाचा भाग गंजून काळपट आणि उरलेला चकचकीत दाणेदार असेल, तर चीर आधीपासून होती आणि शेवटच्या दणक्यात फक्त उरलेलं तुटलं. छेद ऐन मध्यात, सेंटर बोल्टच्या भोकाशी असेल, तर संशय यू-बोल्टवर घ्यावा. हाउसिंग जागेवर धरतो तो यू-बोल्टचा दाब. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. यू-बोल्ट ढिले पडले की सगळा मार त्या एका बोल्टवर आणि भोकाशी कमजोर झालेल्या पाट्यावर येतो. बोल्ट तुटला की हाउसिंग एका बाजूने मागे सरकतं आणि गाडी तिरकी चालू लागते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजलं की ते लगेच कळतं.

नवा जुडगा ठेवला की पाट्यांमध्ये थोडी फट दिसते. खालचे आखूड पाटे मुद्दाम जास्त बाकाचे केलेले असतात आणि सेंटर बोल्ट आवळल्यावर फट मिटते. त्यामुळे मेन पाट्यात उलट दिशेचा ताण आधीच भरून ठेवला जातो आणि वजन पडल्यावर त्याच्यावर कमी भार येतो. दुसऱ्या गाडीचा, वेगळ्या बाकाचा पाटा आणून टाकला की ही रचना मोडते. म्हणून वाढवायचा पाटा त्या जुडग्याच्या बाकाला जुळवूनच घ्यावा. पॅराबोलिक कमान असेल, म्हणजे मोजकेच पाटे, मध्यात जाड आणि टोकांकडे निमुळते, तर त्यात साधा सपाट पाटा घालूच नये.

आता निवड. जी पिकअप जाताना भरलेली आणि येताना रिकामी असते, तिला हेल्पर कमान योग्य. हे पाटे मूळ कमानीपासून थोडं अंतर राखून बसवतात. रिकाम्या गाडीत ते कामच करत नाहीत. माल भरला आणि गाडी ठरावीक बसली की टेकतात आणि पुढचं वजन वाटून घेतात. सगळाच जुडगा कडक केला तर रिकामी गाडी मागून उडते, आणि गिट्टीच्या रस्त्यावर ब्रेक मारताना मागची चाकं जमीन सोडतात. कापूस आणि संत्री वाहणाऱ्यांसाठी हेल्पर हाच सरळ मार्ग.

ज्या गाडीवर बोजा कायमचाच आहे तिचं वेगळं: वेल्डिंग मशीन आणि जनरेटर बसवलेली गाडी, पाण्याची टाकी, दिवसभर भरलेले जार फिरवणारी गाडी. २० लिटरचे ८० जार म्हणजे १६०० किलो. अशी गाडी रिकामी फारशी धावतच नाही, तेव्हा तिला एकसंध कडक जुडगा चालतो. टाकीच्या गाडीत मात्र आतले आडवे पडदे कमानीइतकेच महत्त्वाचे. अर्धी भरलेली टाकी वळणावर पाण्यासकट हेलकावते आणि तो हेलकावा कोणत्याही पाट्याने थांबत नाही. हवेचे रबरी फुगे बसवूनही भारानुसार उंची राखता येते. पण फुगा चेसिसवर अशा जागी जोर देतो जिथे मूळ रचनेत तो अपेक्षित नव्हता, म्हणून तिथली चेसिस आधी तपासून घ्यावी.

कापसाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. कापूस वजनाने हलका आणि आकाराने अफाट. डाल्याच्या बाजू उंचावून भरलेल्या पिकअपचं वजन पासिंगच्या आत असूनही तिचा भारमध्य खूप वर गेलेला असतो. काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हात आकसतात, त्यामुळे डांबर लाटांसारखं वरखाली होतं. अशा रस्त्यावर उंच गाडी डोलते. इथे गाडी बेभरवशाची होते ती दुबळ्या कमानीपेक्षा दुबळ्या शॉकअपमुळे जास्त. कमान कडक केली आणि शॉकअप जुनेच ठेवले तर उसळी वाढते, कारण कडक कमान जास्त जोराने परत येते आणि तो जोर थोपवायला शॉकअपच लागतो. सोयाबीन, सिमेंट, रेती यांचं याच्या नेमकं उलट: ढीग ठेंगणा, वजन प्रचंड. सिमेंटच्या ३४ गोण्या झाल्या की १७०० किलो पुरे होतात आणि डाला तर अर्धाही भरलेला दिसत नाही.

कमान मजबूत झाली म्हणून गाडीचं पासिंग वाढत नाही. टायरच्या कडेवरचा भारांक बघावा: १०० म्हणजे टायरमागे ८०० किलो, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०, आणि तेही पूर्ण हवेवर. हबचं बेअरिंग, हाउसिंग, चेसिस आणि ब्रेक तेच राहतात. बसलेली गाडी चालकाला निदान जास्त झाल्याचं दाखवते. कडक कमानीची गाडी तोच जादा माल घेऊन ताठ उभी राहते आणि ती सूचना बंद होते. समृद्धी महामार्गावर किंवा जामकडून नागपूरकडे सलग धावताना टायर किती तापलाय ते कमान सांगत नाही. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च.

काम झाल्यावर एक तपासणी हमखास राहून जाते. अनेक पिकअपमध्ये मागच्या हाउसिंगला एका दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि हाउसिंगमधलं अंतर पाहून तो भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकला दाब सोडतो. कमान कडक किंवा उंच झाली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. उंची बदलली की ही दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे परत लावून घेतलीच पाहिजे. शॅकल चेसिसला टेकत नाही ना, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून कंप येत नाही ना, हेही भरल्या आणि रिकाम्या दोन्ही अवस्थांत बघावं. हेडलाइटचा झोत नव्या उंचीला लावून घ्यावा.

यू-बोल्ट नवेच वापरावेत आणि गाडी चाकांवर उभी असताना, कोपऱ्याला कोपरा धरून, टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापावर आवळावेत. नवे पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट थोडे ढिले पडतात. म्हणून भरल्या वजनाने पहिले तीन-चारशे किलोमीटर झाले की गाडी परत मिस्त्रीकडे नेऊन चारही बोल्ट त्याच मापावर आवळून घ्यावेत, आणि त्याच दिवशी माल भरून पुन्हा एकदा काट्यावर घालावी.